तेरची पांढरी

शनिवार

मुंबईहून रात्री सुटणारी लातूर एक्स्प्रेस उजाडायच्या आत धाराशिवला सोडते. एरवी या वेळी डबा घोरत असतो. आज बार्शीपासूनच लोक पिशव्या बांधून दाराशी उभे होते. सोमवारी वेळ अमावास्या, इकडच्या बोलीत येळवशी, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. लातूर-धाराशिवकडचा नोकरदार माणूस एकवेळ दिवाळीला घरी जाणार नाही, पण येळवशीला शेतात हजर असतो. मीही त्याच आमंत्रणावर निघालो होतो. कॉलेजातल्या मित्राचं गाव तेर. तो म्हणाला, ‘‘येळवशीला ये, आणि दोन दिवस आधी ये. म्हणजे तुझं ते जुनंपानं बघून होईल.’’

हा रेल्वेमार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा वारस. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. बार्शी इंग्रजांची, पुढचा सगळा मुलूख निजामाचा. कापूस, गळिताची धान्यं आणि पंढरीचे वारकरी हे तिचं भांडवल. जुनी लाइन धाराशिव शहराला बगल देऊन येडशीवरून जायची. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली ती या शतकात, रूळ रुंद झाले तेव्हा.

सकाळी रिक्षाने धाराशिव लेणी पाहून आलो. शहराबाहेर बालाघाटाच्या कड्यात ही लेणी आहेत आणि बहुतेक वेळा तिथे आपण आणि वटवाघळं एवढेच असतो. दोन नंबरचं लेणं प्रशस्त आहे. खांबांचा मोठा मंडप, भोवती खोल्या, गाभाऱ्यात पार्श्वनाथ. मुळात ही बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांचं पूर्वीपासून जुंपलेलं आहे. त्या वादात मला फारशी गोडी नाही. माझं कुतूहल वेगळं होतं. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात करकंड राजा फिरत फिरत तेरापूरला येतो, जवळच्या डोंगरात त्याला पार्श्वनाथाचं लेणं सापडतं, आणि मूर्तीपाशी आलेली एक गाठ फोडताच आतून पाण्याचा लोंढा उसळतो. ते तेरापूर म्हणजे तेर आणि तो डोंगर म्हणजे हा, असं मानतात. ज्या जिल्ह्याची उन्हाळ्यातली मुख्य बातमी टँकर असते, तिथल्या कथेत दगडातून पाण्याचा लोंढा निघावा, हे मला फार पटलं.

दुपारच्या एसटीने तेर. वाटेत दोन्हीकडे काळी जमीन. सोयाबीन कधीच निघालेलं, तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांवर, आणि मध्येच उसाचे फड. ढोकीकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी बराच वेळ रांगली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचाही कंटाळा केला.

तेरमध्ये उतरल्यावर ‘हेच का ते?’ असं वाटतं, आणि ते वाटून घ्यावं. किल्ला नाही, वेस नाही, डोंगर नाही. तेरणा नदी, तिच्या काठाने पसरलेलं गाव, खत-औषधांची दुकानं, मोबाइल दुरुस्ती. आणि गावाच्या कडेने मातीची उंचवट्यासारखी टेकाडं, त्यांच्यावर बाभळी. मित्राचे वडील, अण्णा, मला घ्यायला आले होते. टेकाडाकडे हात करून म्हणाले, ‘‘ही पांढरी. जुनं गाव हितं हुतं. लई जुनं.’’ मग लगेच, ‘‘चला, च्या घेऊ.’’

रविवार

सकाळी सकाळी अण्णांबरोबर पांढरीवर गेलो. माणसं राहून राहून, घरं पडून, पुन्हा त्यांवर घरं बांधून, चुलींची राख आणि जनावरांचं शेण मिसळून जी भुरकट माती होते, ती पांढरी. नांगराखालची ती काळी. टेकाडाची एक बाजू उभी तासल्यासारखी कापलेली होती. त्या कापात खापरांचे थर स्पष्ट दिसत होते. लाल खापरं, काळी-तांबडी खापरं, विटांचे तुकडे, राखेची एक पट्टी.

हे काही उत्खनन नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी इथून गाड्या भरभरून माती नेली आहे, खत म्हणून. अण्णांनी ते न लपवता सांगितलं. ‘‘आमच्या वडलांनी बी न्हेली. पांढरीची माती टाकली की दोन वर्सं दुसरं खत लागत न्हवतं.’’ पुरातत्त्ववाल्यांना हे ऐकून रडू येईल. पण रासायनिक खत येण्याआधीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यात चूक ती काय? सातवाहन काळच्या राखेवर ज्वारी पिकली आणि लोक जगले. मात्र आता युरियाची गोणी दुकानात मिळते, तेव्हा टेकाडाला हात लावायचं कारण उरलेलं नाही, हेही मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली. ती माझ्यासाठी होती की मातीसाठी, सांगता येत नाही.

मातीबरोबर वस्तूही निघत. पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी झाल्या की मणी, नाणी, मातीची चित्रं धुऊन वर येतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांना या वस्तूंचा नाद लागला. लोकांना जे कचरा वाटे ते त्यांनी आयुष्यभर जमवलं, जपलं आणि शेवटी तो सगळा संग्रह सरकारच्या हवाली झाला. आज तेरमध्ये त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे. मोठ्या शहरांतली संग्रहालयं राजांनी किंवा सरकारांनी उभी केली. इथे मूळ भांडवल एका गावकऱ्याच्या पिशवीचं आहे.

संग्रहालय लहान, पण पाहायला सकाळ पुरली नाही. मण्यांचीच केवढी तऱ्हा: अकीक, काच, शंख, माती. शंखाच्या बांगड्या. पांढऱ्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या बाहुल्या, ज्यांची केशरचना आजच्या लग्नातल्या करवल्यांनाही जमणार नाही. मग ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये एक भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची बाई तिची नात्यातली शोभेल इतकं साम्य. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच घडणीची एक मिळाली आहे. म्हणजे पाँपेईच्या कुणा श्रीमंताच्या घरातली ती मूर्ती मराठवाड्याच्या या पट्ट्यातून गेली असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

इथे गाइड मंडळी ‘तेरला रोमन लोक येत’ असं ठोकून देतात. मला ते आवडत नाही. रोमन माल आला म्हणजे रोमन माणूस आला असं होत नाही, आणि रोमन न येताही तेरचं मोठेपण पुरेसं आहे. पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराचं टिपण लिहून ठेवलं, ‘पेरिप्लस’. त्यात तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर. पैठणहून अकीक येतो. तगरहून साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल येते. आणि हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात. पैठण ते तेर सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली बैलगाडी दिवसाला पंधरा किलोमीटर जाते असं धरलं तर हिशोब अगदी जमतो.

तरीही हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकभर पंडितांनी नकाशावर बोटं फिरवली. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. टिपणातलं ‘पूर्वेला’ नडत होतं, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला पडतं. शेवटी शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर हे मांडलं आणि ते टिकलं. त्यांच्या हाताशी चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा इ.स. ६१२ चा ताम्रपट होता, ज्यात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी इथे येऊन देवळं आणि टेकाडं पाहिली.

गावाचा दबदबा किती होता याची मला सगळ्यात पटणारी खूण वेगळीच आहे. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ठाण्यात किंवा पन्हाळ्यावर बसून राज्य करायचं आणि बिरुद मिरवायचं ते या तेरणाकाठच्या गावाचं! तोवर तगरचा व्यापार बहुधा ओसरला होता. पण मूळ घराण्याचं गाव सांगायचा आपला सोस तेव्हाही हाच होता म्हणायचा.

दुपारी त्रिविक्रमाचं देऊळ. गल्लीतून वळलो तर समोर घरांच्या रांगेतच ते उभं. पुढचा मंडप नंतरचा आणि साधा. तो ओलांडून बाजूने मागे जायला हवं. मागची भिंत अर्धगोल वळते आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं गोल उतरतं. आपल्याकडच्या डोंगरांत कोरलेले चैत्य पुष्कळ आहेत, कार्ले, भाजे, बेडसे. तेच रूप इथे विटांनी बांधलेलं आहे, आणि ते उभं आहे. असं दुसरं उदाहरण सांगायचं तर आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वराचं देऊळ. हा मूळचा बौद्ध चैत्य असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेरच्या उत्खननात विटांचा मोठा स्तूपही निघाला होता, तेव्हा त्यात नवल नाही. पुढे केव्हातरी आत त्रिविक्रम आला: एक पाय जमिनीवर, दुसरा थेट वर उचललेला, तिन्ही लोक मापणारा विष्णू. पुजाऱ्यांनी आरतीचं ताट पुढे केलं, मी घेतलं. मागे वळून चुन्याखालच्या विटा पाहत राहिलो तसे ते म्हणाले, ‘‘सगळे मागचीच बाजू बगायला येत्यात.’’

उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, पण त्याची खरी शोभा आता संग्रहालयात आहे. ती म्हणजे दाराची कोरीव लाकडी चौकट. महाराष्ट्रातल्या हवेत, वाळवीत, इतकं जुनं लाकूड टिकणं हीच अपूर्वाई. तिच्यावरच्या नाचणाऱ्या आकृती आता झिजल्या आहेत, तरी लय कळते.

तेरच्या या विटांची आणखी एक गंमत सांगतात, त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस भरपूर मिसळून भाजली की तूस जळतो, वीट आतून पोकळ-पोकळ होते आणि हलकी राहते. डोक्यावर अवजड छप्पर पेलायचं तर हे शहाणपणाचंच. जवळ चांगला दगड असतानाही इथल्या गवंड्यांनी मातीवर विश्वास टाकला. म्हणून आज तेरला पाहण्यासारखं उंच काही दिसत नाही. जे आहे ते बहुतेक पुन्हा मातीत मिसळलं, आणि तिथून शेतात गेलं.

सोमवार

पहाटे चारपासून घरात चुली पेटलेल्या. काकूंनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची परवानगी दिली, आत यायची नाही. भज्जी शिजत होती: तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, हाताला येईल ती भाजी, वर ताक आणि बेसन. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या, आंबट भात. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-मीठ घालून नव्या मडक्यात भरलेलं. आज पुण्यात ही भज्जी हॉटेलांत मिळते म्हणे. मिळू दे.

नऊच्या सुमाराला गाव रिकामं झालं. दुकानं बंद, रस्ता सामसूम, आणि शिवारात मात्र जत्रा. पूर्वी बैलगाड्या असत, आता टेम्पो आणि मोटारसायकली. अण्णांच्या शेतात आदल्या दिवशीच कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली होती. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले, ते पांडव. त्यांच्यापुढे लक्ष्मीची पूजा, सगळ्या पदार्थांचा नैवेद्य. मग अण्णा आंबिलाचं मडकं घेऊन निघाले, मागे घरातली पोरं. ज्वारीवर, हरभऱ्यावर, बांधावर आंबील शिंपत शेताला फेरा आणि पोरांचा एकच गलका: ‘‘ओलगे ओलगे सालम पोलगे!’’ अर्थ कुणीच सांगितला नाही. कानडी मुलखाच्या शेजाराने आलेलं असणार. कर्नाटकाची हद्द इथून लांब नाही आणि तिकडेही हा सण आहे.

जेवण कोपेसमोर, तुरीच्या सावलीत. भज्जी-उंडे हे समीकरण जिभेवर बसायला दोन घास लागतात, मग हात थांबत नाही. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक पडते, ‘‘आवं, या की, भज्जी खाऊन जावा!’’ आणि नाही म्हटलेलं चालत नाही. मी पाय मोकळे करायला निघालो तो तीन शेतांत जेवून परतलो. एका शेतात तर आजींनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी वाढलं.

जेवणानंतर पुरुष मंडळी बोलत होती ती सोयाबीनच्या भावावर. हमीभावापेक्षा खाली विकलं, तुरीवर काय ते भागेल, ऊस परवडतो पण पाणी? तेरणेचं धरण जवळच आहे, पण त्यावर शहराच्या नळाचाही हक्क आहे. एक तरुण शेतकरी म्हणाला, ‘‘दोन हजार वर्सांखाली हितनं कापड परदेशी जायचं म्हंत्यात. आता कापूस बी कोन लावत न्हाई.’’ टाळी देण्यासाठी तो हात पुढे करून हसला. मला हसता आलं नाही. अख्खं प्राचीन तगर सुतावर आणि रंगाऱ्यांच्या पिंपांवर उभं होतं. आज इथला शेतकरी पिकवतो ते सगळं गिरणीत, तेलाच्या घाण्यात आणि कारखान्यात कच्चंच जातं. गावात मोल वाढवून काही बाहेर पडत नाही.

अण्णांच्या शेताच्या एका कोपऱ्यात मला अकीकाचा मणी दिसला. हरभऱ्याच्या मुळाशी, तांबूस, आरपार भोक. मी उचलून त्यांना दाखवला. ‘‘असतेत असले. संग्रहालयात द्या, न्हाईतर हाय तिथं टाका. घरी न्यायचा न्हाई.’’ नियम सरळ होता. मंगळवारी सकाळी तो मी संग्रहालयात देऊन टाकला.

संध्याकाळी गव्हाच्या शेताभोवती हेंडगा फिरवला. गवताचा जाड पेंढा पेटवून पोरं बांधावरून पळत सुटतात. शिवारभर असे जाळ पळताना दिसत होते आणि त्यांच्यामागे आयांचं ओरडणं, ‘‘गंजीपासनं लांब रं!’’

मंगळवार

गोरोबाकाकांकडे जायचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाहेरच्या माणसाला तेर माहीत असतं ते तगर म्हणून नाही, गोरा कुंभारांचं गाव म्हणून. नदीकाठी समाधी, शेजारी विटांचंच जुनं काळेश्वराचं देऊळ. गावात त्यांचं घरही दाखवतात. चैत्र वद्यात इथे यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आज मात्र चार वारकरी आणि एक कुत्रं.

भजनात दंग होऊन माती तुडवताना पायाखाली मूल आलं, ती कथा प्रत्येकाला ठाऊक असते. इथे उभं राहिल्यावर मला दुसरी अधिक जवळची वाटली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी मांदियाळी काकांच्या घरी जमलेली. मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते पाहायला. मग या मडक्यांतलं कच्चं कोणतं ते सांगा! काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. निकाल लागला: हे मडकं कच्चं. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. वारकरी परंपरेतल्या सगळ्यांत लाडक्या संताला नापास करण्याचा मान एका कुंभाराला मिळाला, आणि परंपरेने ती गोष्ट न लपवता कीर्तनांतून शेकडो वर्षं सांगितली, हे मला फार थोर वाटतं.

समाधीवरून परत येताना एका कुंभाराच्या अंगणात थांबलो. संक्रांत दोन आठवड्यांवर, सुगडी वाळत घातलेली. येळवशीची मडकी संपली, आता ही. माती कुठली विचारलं, तर तळ्यातली, परवानगी काढून आणावी लागते. पांढरीची का नाही? ते हसले. ‘‘त्या मातीत राख लई. मडकं उभंच ऱ्हात न्हाई.’’ मग त्यांनी एक सुगड उचलून बोटाने टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि बाजूला ठेवलं. पुढच्याला मारली, तेही बाजूला. तिसरं माझ्या हातात दिलं. ‘‘हे घ्या. पक्कं हाय. वीस रुपये.’’